कशाला घालून गेलीस?

२०२४ च्या श्रावणातला दुसरा शुक्रवार. जिवतीची पूजा, पुरणाचा स्वयंपाक, सवाष्णीचं जेवण, सगळं उरकून मी नुकतीच टेकले होते. संध्याकाळचे पावणेआठ झाले असतील. दार वाजलं. उघडलं तर शेजारच्या काकू. पायात एकच चप्पल, पदर गळ्याभोवती घट्ट आवळलेला, आणि चेहरा पांढराफटक.

"अगं, आधी मला आत घे. कोणी बघायला नको," एवढंच त्या म्हणाल्या.

आत आल्यावर त्यांनी पदर बाजूला केला. मानेवर लाल वळ उठला होता आणि मागच्या बाजूला रक्त. गळ्यातलं गंठण गेलं होतं. पावणेतीन तोळ्यांचं, तीस वर्षांपूर्वी काकांना थकबाकी मिळाली तेव्हा केलेलं. देवळातून हळदीकुंकू घेऊन त्या आमच्या बोळातून येत होत्या. मागून मोटारसायकल आली, म्हणून बाजूला झाल्या. गाडी हळू झाली तेव्हा त्यांना वाटलं, कोणीतरी पत्ता विचारतंय. "जी काकू" असा आवाज आला आणि दुसऱ्या क्षणाला मानेला हिसका. सगळं मिळून चार-पाच सेकंद.

मी हळद लावली, पाणी दिलं. काकू थरथरत होत्या, पण रडल्या नाहीत. त्यांना एकच चिंता होती. "घरी सांगितलं की पहिला प्रश्न येईल, कशाला घालून गेलीस? पोलिसात जायचं का गं?"

आणि मी, शिकलेली, बँकेत सतरा वर्षं नोकरी केलेली, दर आठवड्याला याच पानावर तुम्हाला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगणारी बाई, काय म्हणाले माहितीये? "जाऊ द्या काकू. जिवावर आलं ते गळ्यावर गेलं समजा. पोलिसात गेलं की फेऱ्या मारत बसावं लागतं. या वयात कुठे ती दगदग?"

मला अगदी मनापासून वाटत होतं की मी त्यांचं भलंच करतेय.

काकूंनी दुसऱ्या दिवशी एक ग्रॅमवालं मंगळसूत्र आणून गळ्यात घातलं. सतरा दिवस काकांच्या लक्षात आलं नाही, ही वेगळीच गंमत. (गळ्यात काय आहे ते चोराला अंधारात, चालत्या गाडीवरून दिसतं. घरच्या माणसाला ट्यूबलाइटखाली दिसत नाही.)

सतरा दिवसांनी पोळा होता. त्या संध्याकाळी आमच्या मागच्या गल्लीतल्या शिक्षिका, त्यांना आम्ही मॅडमच म्हणतो, माहेरून स्कूटीवर परत येत होत्या. मागे आठ वर्षांची लेक बसलेली. तोच बोळ, तीच वेळ, बहुधा तीच गाडी. हिसका बसला तो चालत्या स्कूटीवर. मॅडम पडल्या, स्कूटी अंगावर पडली, उजव्या हाताचं कोपर मोडलं. प्लेट टाकावी लागली. लेकीचे दोन्ही गुडघे सोलून निघाले, आणि त्याहून वाईट म्हणजे पुढे कितीतरी दिवस ती स्कूटीवर बसायला तयार नव्हती.

आणि मॅडमच्या गळ्यात काय होतं? अडीचशे रुपयांचं, बाजारातलं, एक ग्रॅमवालं. खरं मंगळसूत्र त्यांनी कधीच लॉकरमध्ये ठेवलं होतं. सोनं घालू नका म्हणजे सुरक्षित राहाल, हा जो सल्ला आपल्याला उठता-बसता मिळतो ना, तो पाळणाऱ्या बाईचं कोपर मोडलं. चोराजवळ काही कसोटीचा दगड नसतो. तो आधी ओढतो, खरं-खोटं नंतर बघतो.

मी दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा तिथे पोलीस जबाब घ्यायला आले होते. मॅडमचे मिस्टर चिडून म्हणाले, "साहेब, त्या बोळात तुमची गाडी एकदाही का फिरत नाही?" त्यावर ते हवालदार शांतपणे म्हणाले, "सर, आमची गस्त रेकॉर्डवर ठरते. जिथे घटना घडतात तिथे माणूस लावतो. त्या बोळात या वर्षात एकही घटना नाही."

एकही घटना नाही. मी पलंगाच्या कडेला, हातात सफरचंदांची पिशवी घेऊन उभी होते. मला ठाऊक होतं की घटना घडली आहे. काकूंच्या मानेवर मीच हळद लावली होती. कागदावर तो बोळ आमच्या गावातला सगळ्यात सुरक्षित बोळ होता आणि तो तसा ठेवण्यात माझा हात होता.

त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी उठून काकूंकडे गेले आणि म्हटलं, "काकू, चूक माझी झाली. आज जायचं."

पोलीस ठाण्याबद्दल आपल्या मनात जी भीती असते ना, ती अर्धी खरी असते आणि अर्धी ऐकीव. थांबावं लागलं, ते खरं. सव्वा तास. पहिल्यांदा आम्हाला "साधा अर्ज देऊन जा" असंही सांगितलं गेलं. इथेच बहुतेक बायका फसतात. अर्ज म्हणजे एफआयआर नव्हे. हिसकावून नेणं हा दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे त्याची एफआयआरच नोंदवायची असते, आणि तिची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते. १ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय न्याय संहिता लागू झाली. तोपर्यंत जुन्या कायद्यात हिसकावण्याला वेगळं कलमच नव्हतं. चोरी नाहीतर जबरी चोरी, यात कुठेतरी ते बसवायचे. आता कलम ३०४ खास त्यासाठी आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. बाईला इजा झाली तर प्रकरण जबरी चोरीवर जातं. हे सगळं मी आदल्या रात्री वकील असलेल्या माझ्या नणंदेकडून फोनवर पाठ करून गेले होते. शाळेत कविता पाठ करायचे तशी! पण खरं सांगू? "३०४" म्हटल्याबरोबर समोरच्यांचा सूर बदलला.

आणखी दोन गोष्टी नणंदेने सांगितल्या. घटना दुसऱ्या हद्दीत घडली असली तरी कुठल्याही ठाण्याला तक्रार घ्यावीच लागते. ती घेऊन मग योग्य ठाण्याकडे पाठवायची, हे त्यांचं काम. आणि कोणी नाहीच घेतली, तर लेखी तक्रार पोस्टाने जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे पाठवायची. आम्हाला तशी वेळ आली नाही.

मग आला तो प्रश्न. "घटना सोळा ऑगस्टची. आज किती तारीख? एवढा उशीर का?" उशीर झाला म्हणून तक्रार घेत नाहीत असं काही नसतं, पण उशिराचं कारण लिहावं लागतं. काकू खाली बघत म्हणाल्या, "भीती वाटली."

मी म्हटलं, "साहेब, माझं नाव लिहा. त्या येणार होत्या, मी नको म्हटलं."

त्यांनी पेन थांबवून माझ्याकडे बघितलं. मग लिहिलं. तशी वाक्यं लिहायची त्यांना सवय नसावी.

घरी मात्र ठरलेलंच झालं. काकांना कळलं आणि त्यांचे पहिले शब्द होते, "पण तू कशाला घालून गेलीस?" काकू चाळीस वर्षांत काकांना उलट बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी बोलल्या. "तुम्ही केलंत म्हणून घातलं. आणि सणाला नाही घालायचं तर केलंत कशाला?" काका गप्प. संध्याकाळी स्वतःच चहा करून घेऊन आले म्हणे.

पुढच्याच आठवड्यात गौरी आल्या. आमच्याकडे हळदीकुंकवाला चौदा जणी जमल्या. विषय अर्थातच मॅडमचं कोपर. काकूंनी सगळ्यांसमोर आपली हकिगत सांगितली आणि मग जे झालं त्याची मला कल्पनाच नव्हती. एकेक जण बोलायला लागली. एकीच्या सासूबाईंना दोन माणसांनी भर दुपारी अडवलं होतं. "आम्ही साध्या वेशातले पोलीस आहोत, पुढे चेकिंग चालू आहे, एवढं सोनं घालून फिरता? काढा, रुमालात बांधून देतो." त्यांनीच अदबीने पुडी बांधून पिशवीत ठेवली. घरी येऊन बघतात तर आत खडे. दुसरीच्या दारात "भांडी आणि दागिने चकचकीत करून देतो" म्हणणारा आला होता. आधी तांब्या-पितळेची भांडी फुकट उजळून दाखवली, विश्वास बसला, मग बांगड्या द्रावणात बुडवल्या. बांगड्या चमकल्या खऱ्या, पण सराफाकडे वजन केलं तर चार ग्रॅम कमी! नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या मिश्रणात सोनं विरघळतं. वाटीतलं ते पिवळसर पाणी तो जाताना बरोबर घेऊन जातो, आणि आपण म्हणतो, "बरं झालं बाई, घाण पाणी पण घेऊन गेला."

(मैत्रिणींनो, खरा पोलीस रस्त्यात कधीही दागिने काढायला सांगत नाही. हे एक वाक्य घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पुन:पुन्हा सांगा. आणि तसं कोणी सांगितलं तर तिथल्या तिथे ११२ लावा.)

चौदा जणींत पाच जणींकडे अशी गोष्ट निघाली. पोलिसात किती? मॅडमची आणि काकूंची सोडून एकही नाही. सगळ्यांचं कारण एकच. घरचे काय म्हणतील! चोरीची नाही, घरच्यांच्या पहिल्या प्रश्नाची भीती. आम्ही सगळ्याजणी मिळून किती वर्षं त्या चोरांना सांभाळून घेत होतो, कोण जाणे.

आता त्या बोळाविषयी. तो पूर्वी असा नव्हता. एका बाजूला बंद पडलेल्या जिनिंग फॅक्टरीची लांबलचक भिंत, दुसऱ्या बाजूला घरांच्या पाठी. पण तोंडाशी एका इस्त्रीवाल्याची टपरी होती. तो रात्री नऊपर्यंत असायचा, त्याची बायको तिथेच भाकरी थापायची, रेडिओ चालू असायचा. अतिक्रमणाच्या मोहिमेत टपरी उठली. रस्ता मोकळा झाला म्हणून आम्हीच तेव्हा खूश झालो होतो. मग दिवे एकेक करून गेले. मग भिंतीलगत वेडी बाभूळ वाढली. मग बायका म्हणायला लागल्या, तिकडून नको जाऊ. आणि बायका जाणं बंद झाल्यावर तो बोळ पूर्णच चोरांचा झाला. "तिकडून जाऊ नका" या सल्ल्याचा हा हिशेब कोणी मांडत नाही. प्रत्येक घराबाहेर न पडणाऱ्या बाईमागे बाहेर पडणारी बाई आणखी एकटी पडते. अंगणवाडीची मदतनीस, मेसचे डबे पोचवणारी, रात्रपाळीची नर्स, यांना काही "जाऊ नका" परवडत नाही.

त्याच दिवसांत आमच्या हातून एक फार वाईट गोष्ट होता होता राहिली, तीही सांगायला हवी. व्हॉट्सॲपवर मेसेज फिरायला लागला होता की, भांडीवाल्या बायका आधी घरं हेरून जातात. नेमकी दुसऱ्या दिवशी आमची नेहमीची बोहारीण आली. बारा वर्षं येतेय. जुन्या साड्यांवर स्टीलचे डबे देते, घासाघीस करते, माझ्या मुलीच्या बाळंतपणात बाळाला झबलं आणून दिलं होतं तिने. त्या दिवशी पाच-सहा जणींनी तिला घेरलं. "गाठोडं सोड. बघू दे आत काय आहे." एकीने तिचा दंड धरला. दोन पोरं मोबाइल काढून शूटिंग करायला लागली. मीही तिथेच होते, आणि पहिला अर्धा मिनिट मी गप्प होते.

मग मला राईनपाडा आठवलं. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं गाव. १ जुलै २०१८ रोजी तिथे मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच माणसांना ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं ती. त्यांच्याकडे कुठलंही मूल नव्हतं. होती ती मोबाइलवरची अफवा. सगळ्यांना आपापली मुलं वाचवायची होती, एवढंच. सुरुवात अशीच झाली असेल, "गाठोडं सोड" पासून.

मी पुढे होऊन तिचा हात सोडवला. तिने आपलं गाठोडं नीट बांधलं, आमच्या सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि मला म्हणाली, "ताई, मी तर दिवस मावळायच्या आत त्या बोळातून निघून जाते. दिवे नाहीत गेल्या दिवाळीपासनं. तुम्ही कशा जाता, मलाच नवल वाटायचं." आम्हाला दोन चोऱ्या झाल्यावर कळलं ते तिला दहा महिन्यांपासून माहीत होतं. तिला विचारलं कोणी होतं?

त्या रात्री आम्ही सहाजणी वही, पेन आणि टॉर्च घेऊन निघालो. तीन गल्ल्या आणि तो बोळ. प्रत्येक खांबावर नंबर रंगवलेला असतो, तो लिहायचा आणि समोर चालू की बंद. एकूण खांब ३१, चालू १३. बोळातल्या सात खांबांपैकी एक चालू, तोही बाभळीत गुरफटलेला, म्हणजे उजेड पाखरांना. कुठे ढापा नसलेली गटार आहे, कुठे वाळूचा ढीग, कुठून हाक मारली तर कोणाच्याही खिडकीत ऐकू जात नाही, हेही लिहिलं. बंद फॅक्टरीच्या फाटकाजवळ मॅडमच्या मिस्टरांनी मुद्दाम मोठ्याने हाक मारून बघितली, आम्ही घराघरांत कान देऊन उभ्या. एकाही घरात आली नाही. टीव्ही चालू होते.

नंतर माझ्या भाचीने सांगितलं की याला सेफ्टी ऑडिट म्हणतात, आणि कॅनडातल्या टोरांटो शहरात बायकांच्या एका संस्थेने १९८९ साली त्याची पद्धत ठरवून दिली, दिल्लीत जागोरी संस्थेनेही तशी पाहणी केली. म्हटलं, असेल बाई. आम्ही आपलं किराण्याच्या यादीसारखं लिहिलं होतं.

यादी घेऊन नगरपालिकेत गेलो. २०२४ साली राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांवर प्रशासक होते, निवडणुका रखडलेल्या. त्यामुळे नगरसेविकाही नाही आणि त्यांचे पतिराजही नाहीत! विद्युत विभागात उत्तर मिळालं की खांब वीज कंपनीचा, दिवा नगरपालिकेचा आणि देखभाल ठेकेदाराची. ठेकेदार कुठे? तो येतो अधूनमधून. "पण ताई, तुमच्या भागातून तर तक्रारच नाही." पुन्हा तेच वाक्य! आम्ही दहा महिने तक्रार करत होतो हो, पण कशी? भाजी घेताना भेटलेल्या वायरमनला, लग्नात भेटलेल्या माजी उपाध्यक्षांना. तोंडी तक्रारीला ना नंबर असतो, ना तारीख.

मग लेखी अर्ज दिला. खांबांच्या नंबरसकट, दोन प्रती, एकीवर आवक नंबर आणि शिक्का घेतला. या शिक्क्याला पोच म्हणतात आणि ती घेतल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही, हे मी बँकेत असताना इतरांना करायला लावलेलं. सार्वजनिक रस्त्यांवर दिवाबत्ती करणं हे १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाप्रमाणे पालिकेचं आवश्यक कर्तव्य आहे. म्हणजे मर्जीचं काम नव्हे. अर्जात तेवढं एक वाक्य घातलं. पंधरा दिवस वाट बघून दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. अमुक नंबरचा खांब शेवटचा कधी दुरुस्त केला, त्याचं बिल कोणत्या तारखेला निघालं. उत्तराची मुदत तीस दिवसांची. उत्तर आलंच नाही. पण बाविसाव्या दिवशी शिडीची गाडी आली.

एकतीसपैकी अठ्ठावीस दिवे लागले. बाभूळही कापली. त्या संध्याकाळी काकू खास साडी नेसून बोळात फेरी मारून आल्या, एकदा इकडून, एकदा तिकडून.

पोलिसांच्या बाबतीतही थोडं जमलं. गावातल्या पुरुषांनी तोवर रात्री बारा ते तीन काठ्या घेऊन गस्त सुरू केली होती. त्यांच्या जागरणाचा मान राखूनही सांगते, हिसकावण्याच्या घटना रात्री दोनला होत नाहीत. रात्री दोनला आम्ही रस्त्यावर नसतोच! त्या होतात संध्याकाळी सात ते नऊ आणि पहाटे फिरायला जाण्याच्या वेळी. हे आम्ही बीट अंमलदारांना सांगितलं तर ते म्हणाले, "ताई, हे मला आधी कोणी सांगितलं नाही." आता ते महिन्यातून एकदा देवळाच्या ओट्यावर येतात. काही घडलेलं नसलं तरी येतात, हे महत्त्वाचं. भिवंडीत १९८४ ला भयंकर दंगल झाली होती. तिथे पुढे सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्यांनी मोहल्ला समित्या बांधल्या त्या याच तत्त्वावर, काही घडायच्या आधी माणसांची ओळख हवी. १९९२-९३ ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. आमची गोष्ट त्यापुढे अगदीच किरकोळ आहे. पण अंमलदारांचा नंबर आता बायकांच्या मोबाइलमध्ये आहे, आणि अंमलदारांना आमच्यातल्या दहाबाराजणी नावानिशी ओळखतात.

नाही म्हणायला चौकात चार कॅमेरे बसले. त्यांचा उपयोग असेल, नाही म्हणत नाही. पण कॅमेरा जे दाखवतो ते झाल्यावर. आणि नंबरप्लेट नसलेली, काळं हेल्मेट घातलेली गाडी कॅमेऱ्यात काय, आम्हालाही दिसली होती.

आमच्या इस्त्रीवाल्याचं मात्र काही होऊ शकलं नाही. टपरी परत लावू द्या म्हणून अर्ज केला, तो अजून आवक नंबरावरच आहे. तो आता स्टँडमागे बसतो.

दिवाळीनंतर शेजारच्या जिल्ह्यात दोघं पकडले गेले. आमच्या ठाण्यातूनही बोलावणं आलं. मॅडमची गाडी त्यांनीच पाडली होती, तसं कबूल केलं म्हणे. पंचनाम्यात मॅडमच्या त्या अडीचशेच्या मंगळसूत्राची नोंद "पिवळ्या धातूचे" अशी आहे. पंचनाम्यात सोन्यालाही तसंच लिहितात, खरं-खोटं सगळं एकाच ओळीत. काकूंच्या गंठणाचं म्हणाल तर चोरीचं सोनं बहुतेक वितळवून टाकलेलं असतं, लगड करून. अशी लगड तीन-चार बायकांची मिळून एक होते. ओळख पटवायला बिल हवं. ते नसेल तर निदान दागिना स्पष्ट दिसेल असा लग्नाकार्यातला फोटो, किंवा सराफाच्या वहीतली नोंद. तीस वर्षांपूर्वीच्या गंठणाचं बिल कोणाकडे असतं? काकूंनी मुंजीतला फोटो नेला होता. तो बघून साहेब हळहळले, पण समोर लगड होती.

"लगडीवर नाव नसतं गं," बाहेर येताना काकू म्हणाल्या. आणि मग जरा थांबून, "पण रजिस्टरात माझं नाव आहे."

काकूंच्या गळ्यात सध्या काळी पोत आणि दोन बारीक वाट्या. काका म्हणाले होते, भिशी लागली की करू नवीन. काकू म्हणाल्या, आधी मागच्या दाराला लोखंडी जाळी करू.

परवा बोळातले दोन दिवे पुन्हा गेले. खांब नंबर सतरा आणि एकोणीस. अंगणवाडीच्या मदतनीस बाईंनी संध्याकाळी सातला फोन केला, वहीत नोंद झाली, सकाळी अर्ज गेला, पोच घेतली. काल विद्युत विभागात फोन केला तर म्हणाले, "ताई, शिडीची गाडी आहे, ड्रायव्हर रजेवर आहे." ड्रायव्हर कधी येणार, ते उद्या लेखी विचारायला जाणार आहे. बरोबर काकू येतायत.